पाट्या टाकणारा कामगार घडवतो कोण?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे ठिकाण असलेल्या विट्यात यंत्रमागधारकांची एक तक्रार जुनी आहे. कामाला माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. टिकला तर पाट्या टाकतो. मागाजवळ उभा असतो, पण लक्ष घड्याळाकडे. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, असा या तक्रारीचा शेवटही ठरलेला असतो. आता याच तालुक्याची दुसरी ओळख पाहू. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि शेजारचे सातारा जिल्ह्यातले खटाव-माण या कमी पावसाच्या पट्ट्यातून पिढ्यानपिढ्या तरुण बाहेर पडले आणि सोने-चांदी गलाईच्या धंद्यात शिरले. केरळपासून पंजाबपर्यंत आणि दिल्लीपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजारांच्या बोळांत त्यांच्या भट्ट्या आहेत. भाषा परकी, खोली अंधारी, समोर आग आणि नाकात आम्लाची वाफ, तरी तो पोरगा तिथे वर्षानुवर्षे टिकतो. मागावरून आठवड्याभरात निघून जाणारा आणि भट्टीपुढे दहा वर्षे काढणारा, हे दोघे एकाच आळीतले असू शकतात. शाळा तीच, दुष्काळही तोच. मग एकाला कामचुकार आणि दुसऱ्याला कष्टाळू ठरवून आपण नेमके काय सांगतो? उमेद ही माणसाच्या स्वभावापेक्षा कामाच्या बांधणीत जास्त असते, असे मला वाटते. आणि ती बांधणी कामगाराच्या नव्हे, मालकाच्या, व्यवस्थापकाच्या, मुख्याधिकाऱ्याच्या हातात असते.

गलाईचे काम मुळात आकर्षक नाही. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळ, घासकामातून उडालेले कण हे सारे गोळा करायचे, मुशीत वितळवायचे, आम्लात शुद्ध करायचे आणि टंच काढून सोने परत द्यायचे. गावाकडून गेलेला पोरगा सुरुवातीला नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात मदतनीस असतो. राहणे-जेवण आणि थोडाफार पगार, एवढ्यावर पहिली काही वर्षे जातात. तरीही तो थांबतो, कारण पुढची वाट त्याला डोळ्यांनी दिसत असते. आधी झाडलोट, मग भट्टी, मग आम्लाचे काम, मग टंच, मग गिऱ्हाइकाशी बोलणे आणि शेवटी कुठल्या तरी दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान. ज्याच्या हाताखाली तो राबतो, तो मालकही याच वाटेने आलेला असतो. ‘कष्ट कर, पुढे जाशील’ हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो. गलाईच्या दुकानात ते म्हणावे लागत नाही, कारण पुरावाच गादीवर बसलेला असतो.

यावर लगेच आक्षेप येईल की हा सगळा भावकीचा खेळ आहे. चुलत्याच्या दुकानात पोरगा राबणारच, त्यात व्यवस्थापनाचे कौशल्य कसले? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. नुसत्या नात्याने माणूस टिकत असता, तर घरच्या शेतीतून कोणी उठून गेले नसते. तिथे तर सख्खा बाप मालक असतो. नाते इथे वेगळे काम करते. ते शब्दाची हमी देते. आज दिलेला शब्द पाच वर्षांनी चुलत्याने मोडला, तर गावच्या जत्रेत त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. पोरगा भरवसा ठेवतो तो या धाकावर. कारखान्यात मालक आणि कामगार यांच्यात असे नाते नसते. मागावर तर आज परराज्यांतून आलेले कामगारही असतात. म्हणून जे काम गावात भावकी करते, ते कारखान्यात लेखी नियमाने, उघड हिशेबाने आणि वेळेवर पाळलेल्या छोट्या छोट्या शब्दांनी करावे लागते. गलाईच्या धंद्याचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. कोवळ्या वयात शाळा सोडून गेलेली मुले आणि आम्लाच्या वाफेने खराब झालेल्या छात्या हा त्या धंद्याचा काळा हिशेब आहेच. पण माणूस कशाच्या जोरावर टिकतो, हे मात्र तिथे स्वच्छ दिसते.

आता मागाकडे वळू. यंत्रमागावरची मजुरी बहुतेक ठिकाणी कापडाच्या मीटरवर आणि पिकावर, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांच्या दाटीवर ठरते. जितके विणाल तितके मिळेल. यंत्रमागधारक विचारतात, याहून मोठी प्रेरणा कोणती? कागदावर हे बिनतोड आहे. पण बारा तासांच्या पाळीत चार, सहा, कधी आठ माग सांभाळणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर हिशेब बदलतो. सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणे, नीट झाले नसेल तर धागा सारखा तुटतो. बीम संपले आणि दुसरे आले नाही तर माग उभा राहतो. वीज गेली तर सगळेच उभे. मागात बिघाड झाला तर तो दुरुस्त करणारा जॉबर येईपर्यंत हात बांधून बसायचे. यातले काहीही विणकराच्या हातात नाही, पण मीटर मात्र त्याचे बुडतात. वर कापडात दोष निघाला तर कपात त्याच्याच मजुरीतून. असे महिनोन्‌महिने चालले की कामगार एक धडा पक्का शिकतो, तो असा की आपण जीव तोडून काम केले काय आणि बेताने केले काय, आठवड्याचा आकडा आपल्या हातात नाही. या धड्यानंतर जो पाट्या टाकू लागतो, तो त्याच्या परीने शहाणपणच करत असतो. मजुरी कामावर ठरली की उमेद आपोआप येते, हे समीकरण इथे मोडते.

हे अंदाजाने बोलण्याची गरज नाही, कारण मागांवरच केलेला एक नामांकित प्रयोग आपल्या शेजारच्या गुजरातेत झाला आहे. साराभाई कुटुंबाच्या अहमदाबादेतील कॅलिको मिलने नवे स्वयंचलित माग बसवले. यंत्रे उत्तम, पण उत्पादन अपेक्षेइतके निघेना आणि सदोष कापड घटेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांना १९५३ मध्ये हे पाहायला बोलावण्यात आले. त्यांना दिसले ते असे: २२४ मागांच्या त्या विभागात २९ कामगार होते आणि त्यांची कामे १२ प्रकारांत चिरलेली होती. विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. प्रत्येक जण थोडे थोडे सगळ्या मागांवर, त्यामुळे कुठलाही माग कोणाचाच नाही. राइस यांनी सुचवले की कामगारांच्या छोट्या टोळ्या कराव्यात आणि ठरावीक माग एका टोळीकडे पूर्ण सोपवावेत. गंमत अशी की कल्पना कानावर पडताच टोळ्या कशा पाडायच्या, कोणी कोणाबरोबर जायचे, हे कामगारांनी स्वतःच चटकन ठरवले. व्यवस्थापनाला ते आखत बसावे लागले नाही. सुरुवातीची धडपड संपल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. कामगार तेच होते, मागही तेच. भाषणे झाली नव्हती, भिंतीवर सुविचार लागले नव्हते. बदलली होती फक्त कामाची वाटणी आणि ‘हे माग आमचे’ म्हणण्याची मुभा. या गोष्टीला पुढचे प्रकरणही आहे, ते लपवू नये. सुमारे सतरा वर्षांनी राइस यांचे सहकारी एरिक मिलर परत गेले, तेव्हा एका विभागात पद्धत टिकलेली होती, पण इतर ठिकाणी जुनी वाटणी परत आली होती. रचना एकदा बदलून भागत नाही. बाजार फिरतो, व्यवस्थापक बदलतात, आणि कोणी राखणारे नसेल तर जुनी सवय परत घर करते.

विट्यातला छोटा यंत्रमागधारक इथे वैतागून म्हणेल की साराभाईंच्या गोष्टी आम्हाला कशाला सांगता? त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. त्याच्याकडे दहा-बारा जुने माग असतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. हा खर्चीवाला केवळ विणून देणार आणि त्याचे दर ठरवणार दुसरेच. विजेचे बिल वाढले, सुताचा बाजार हलला की त्याचाच पाया डगमगतो. महाराष्ट्रात अनेकांनी याच कात्रीत सापडून माग भंगाराच्या भावाने विकले आहेत. अशा माणसाला ‘कामगारांना प्रेरणा द्या’ असे सांगणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. त्याच्या हातात मजुरी दुप्पट करणे नाही, हे मान्य. पण काही गोष्टींना पैसा फार लागत नाही. आठवड्याचा पगार ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. मीटर, कपात आणि उचल यांचा हिशेब कामगाराला वाचता येईल असा कागदावर. माग बंद ठेवायचे असतील तर दोन दिवस आधी निरोप. बीम नसल्याने किंवा यंत्र बिघडल्याने गेलेल्या वेळेची निदान नोंद, आणि जमेल तेव्हा त्याची थोडी भरपाई. कुठला माग सारखा अडतो हे त्यावर रोज उभे राहणाऱ्याला विचारणे. हे वाचायला क्षुल्लक वाटते. पण मोठा शब्द देण्याची ऐपत ज्याच्याकडे नाही, त्याला विश्वास कमवायला लहान शब्दच उरतात, आणि ते मोडण्याची सबब मात्र कोणाकडे नाही. इचलकरंजीत २०१३ च्या सुरुवातीला यंत्रमाग कामगारांचा महिनाभराहून अधिक काळ संप चालला. त्या झगड्यात मजुरीच्या आकड्याइतकाच मुद्दा होता तो महागाईबरोबर मजुरी वाढवण्याच्या नियमाचा. दरवर्षी मालकाच्या मर्जीकडे डोळे लावण्यापेक्षा कामगाराला सूत्र हवे होते. मर्जीने मिळालेले दहा रुपये आणि हक्काने मिळालेले दहा रुपये बाजारात सारखेच चालतात; कामावर मात्र त्यांचा परिणाम सारखा होत नाही.

पैशाला कमी लेखणारे व्यवस्थापनाचे ज्ञान मला संशयास्पद वाटते. हल्ली शहरी कंपन्यांतून फिरणारे वक्ते ‘पगार हेच सर्वस्व नाही’ असे सांगतात आणि त्यांचे मानधन मात्र आगाऊ घेतात. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली माणसे इतक्या वेगाने सोडून जात होती की सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात ५० हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि गळती झपाट्याने घटली. पोट भरेना तिथे आपलेपणाच्या गोष्टी म्हणजे चेष्टाच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. अपुरा पगार, वाईट वागणूक, नोकरीची अनिश्चिती यांनी माणूस नाराज होतो; या गोष्टी दूर केल्या की नाराजी जाते, पण तेवढ्याने हुरूप येत नाही. हुरूप येतो तो काम जमल्याच्या समाधानातून, जबाबदारीतून आणि पुढे सरकण्यातून. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि त्यांची विभागणी इतकी काटेकोर नसते, हेही खरे. तरी क्रम विसरू नये: आधी पगार, मग प्रेरणा. फोर्डच्या पाच डॉलरांना एक काटाही होता. ते मिळण्यासाठी कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, हे पाहायला कंपनीची माणसे जात. पैसा दिला, पण माणूस मोठा झालेला आहे हे मानायला मालक तयार नव्हता.

याच्या उलट टोकाचे उदाहरण विट्यापासून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती देण्यात आली आणि त्यांनी नोकरी सोडली. न्याय्य बढती नाकारल्याने संस्थेने काय गमावले, याचा इतका ठळक दाखला क्वचित सापडेल. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कसलेले कारागीर तिथे येणार कुठून? आसपासच्या खेड्यांतली माणसे घेऊन त्यांना ओतकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचे काम दिले, आणि अस्पृश्यता न पाळणारी वाडी म्हणून तिची ख्याती झाली. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही त्याच्या हाती किल्ल्या देणे, ही या मुलखातल्या नेतृत्वाची एक खासियतच म्हणावी लागेल. कारण याच औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, तिथे खुनाची शिक्षा झालेली माणसे कुंपणाशिवाय शेती करत राहिली आणि त्या प्रयोगावरून पुढे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) निघाला. किर्लोस्करवाडीवरही एक रास्त टीका होऊ शकते. घर, शाळा, दुकान, नोकरी हे सगळे एकाच धन्याच्या हाती असले, की त्याचा चांगुलपणा हाच कायदा होतो, आणि चांगुलपणाला वारस मिळेलच असे नाही. म्हणून तिथून उचलायचे ते लक्ष्मणरावांचे मोठेपण नव्हे. माणसाला शिकवले, जोखमीचे काम सोपवले, तर तो बहुधा त्या विश्वासाला उतरतो, हे उचलायचे.

‘शिकवले की पळतो’ ही मालकांची पुढची हरकत. विणकराला जॉबरचे काम शिकवायचे आणि त्याने शेजारच्याकडे चार पैसे जास्त मिळाले की निघून जायचे, हा धोका खराच आहे. पण गलाईवाल्यांनी हा धोका धंद्याचा भागच मानला. पोरगा एक दिवस वेगळे दुकान टाकणार हे माहीत असूनच त्याला टंच शिकवला जातो. तो जातो, पण जाताना गावाकडून दुसरा पोरगा येण्याची वाट उघडी करून जातो, कारण त्या दुकानातून माणूस घडून बाहेर पडतो हे गावाला कळलेले असते. मागावर हे जसेच्या तसे घडेल असा दावा करता येणार नाही. स्वतःचे माग घालणे आज पूर्वीइतके सोपे नाही. पण विणकर, मग जॉबर, मग पाळीची जबाबदारी अशी शिडी एखाद्या शेडमध्ये असेल, तर तिथे यायला माणूस तयार होईल, इतके तरी म्हणता येते. आणि काहीच न शिकता दहा वर्षे टिकून राहणारा माणूस फुकट पडतो, असे थोडेच आहे? त्याचा खर्च सदोष कापडात लिहिला जातो, एवढेच.

विट्याला देशभर नाव मिळवून दिले ते मात्र मागाने किंवा भट्टीने नव्हे, झाडूने. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये ४,३२० शहरांनी भाग घेतला आणि एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत विटा देशात पहिले आले; त्याखाली लोणावळा आणि सासवड. त्याआधीच्या वर्षी हा मान कऱ्हाडला मिळाला होता, पुढच्या वर्षी पाचगणीला. सातारा-सांगलीच्या तीन गावांनी ओळीने तीन वर्षे देश जिंकावा, हे नुसते योगायोगाचे म्हणता येणार नाही. शेजारच्या गावाने करून दाखवलेली गोष्ट आपल्यालाही जमेल, हा विश्वासही संसर्गजन्य असतो. २०२१ च्या सर्वेक्षणात ६,००० पैकी १,८०० गुण नागरिकांच्या प्रतिसादावर होते. एरवी पहाटे येऊन अदृश्यपणे जाणाऱ्या सफाई कामगाराचे काम त्यामुळे अख्ख्या गावाच्या नजरेत आले. आपल्या कामाचे फळ लोकांना दिसते, त्याची मोजदाद होते, ही उमेदीची मोठी शिदोरी आहे. पण सगळ्यात कडवा आक्षेप इथेच उभा राहतो. प्रेरणा म्हणजे कमी पैशांत जास्त काम करून घेण्याची गोड युक्ती नव्हे काय? पुरस्काराचा फोटो पुढाऱ्यांचा, शाल मुख्याधिकाऱ्याला आणि घंटागाडीवरचा माणूस कंत्राटीच, असे राज्यातल्या कित्येक नगरपालिकांत दिसते. हा आक्षेप मी खोडणार नाही. तो बरोबरच आहे, आणि प्रेरणेच्या कुठल्याही योजनेला लावायची कसोटी त्यातच सापडते. समारंभ संपल्यावर कामगाराच्या पदरात टिकाऊ काय पडले? हातमोजे आणि बूट वेळेवर मिळू लागले का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, मुकादमाच्या जागेवर झाडूवाला चढू शकतो का? लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीची हमी मिळाली, ते मोलाचे आहे. पण तिच्या जोडीला वर जाण्याची वाट नसेल, तर बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी ती हमी ठरते. सुरक्षितता आणि वाट, दोन्ही लागतात. एकीवर दुसरीचे काम भागत नाही.

दिवाळीत विट्यातल्या शेडमधून बोनस वाटला जाईल; कोणी खूश होईल, कोणी कुरकुरेल. त्या पाकिटात मालकांनी एक कागदही घालावा. वर्षभरात किती मीटर विणले, किती कपात झाली आणि कशामुळे, माग किती तास कोणाच्या चुकीने उभे राहिले, उचल किती फिटली, आणि पुढच्या वर्षी या माणसाला कोणते नवे काम शिकवले जाणार. नगरपालिकेने सफाई कामगारांना आणि साखर कारखान्याने हंगामी कामगारांना असाच कागद द्यायला हरकत नाही. तो लिहिताना ज्यांचा हात अडखळेल, त्यांनी कामाला माणूस मिळत नाही ही तक्रार निदान यंदा तरी करू नये.